पंख्याचा पट्टा

काल गॅरेजात तापलेल्या रबराचा वास आला आणि नंदीच्या डोंगराचा घाट आठवला. साठ-एकसष्ट साल असेल. आमची जुनी गाडी चढाला हटकून दमायची, मग सगळ्यांनी उतरून चालायचं. त्या खेपेला देवनहळ्ळी सोडल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, इंजिन गार ठेवणाऱ्या पंख्याचा पट्टाच काढून माझ्या मांडीवर ठेवला.

“पंखा फिरवायची ताकद आता चाकांना मिळेल.”

गाडी खरंच झपाझप चढली आणि चौथ्या वळणावर रेडिएटर उकळला. तो निवल्यावर आईने देवासाठी आणलेलं तांब्यातलं पाणी त्यात ओतलं.

“सरी, बरं झालं, इथेच झाला अभिषेक!” ती म्हणाली.

अण्णांना मी घरी पोचेपर्यंत हसत होते. आईला तेव्हा सहावा महिना होता. तिला चढ चालावा लागू नये म्हणून त्यांनी पट्टा काढला होता, हे मला स्वतःला दिवस गेल्यावर कळलं.