ताईच्या गाडीचा गंज

गॅरेजच्या गल्लीत त्याला सगळे 'टकटक' म्हणायचे. गाडी समोर आली की हा आधी मालकाशी बोलायचाच नाही. खिशातून छोटी हातोडी काढायचा आणि दारं, मडगार्ड, पत्र्याचा खालचा काठ, असा सगळीकडे टकटक करत फिरायचा. चांगला पत्रा खणखणीत बोलतो आणि गंजलेला बसक्या घशाने, असं त्याचं म्हणणं. पत्रा ठोकण्यात आणि रंगवण्यात त्याचे केस पांढरे झाले होते. त्यांवर कायम प्रायमरची, म्हणजे रंगाखालच्या अस्तराची, भुकटी असायची, त्यामुळे पांढरे किती आणि रंगलेले किती हे त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं.

त्याची थोरली बहीण गाडी शिकवायची. एकच जुनी गाडी, आणि तिच्यावर शिकून गेलेल्या बाया मोजायला गेलं तर मोठं सभागृह भरलं असतं. ताई लग्नाच्या भानगडीत पडली नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "शेजारी बसून घाबरवणारी माणसं मला रोज मिळतात, घरात आणखी एक कशाला?"

मग एक दिवस ती जिन्यावरून पडली आणि कंबरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, महिने गेले, काठी आली. शेजाऱ्यांनी मायेने गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री गच्च बांधली. पाणी वरून आलं नाही हे खरं, पण आतली ओल बाहेरही गेली नाही. गाडी आतल्या आत घामाघूम होत राहिली.

काठी सुटली त्याच आठवड्यात ताई गॅरेजमध्ये हजर. "बाळ्या, गाडी वर घे. मला शिकवायला सुरुवात करायचीय."

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला बाळ्या म्हणणारी जगात आता तीच उरली होती. गॅरेजमधली माणसं गालातल्या गालात हसली. याने गाडी लिफ्टवर चढवली, खाली गेला आणि हातोडी लावली. चालकाच्या पायाखालचा पत्रा ठसकलासुद्धा नाही. हातोडी सरळ आरपार गेली आणि त्याच्या तोंडावर तांबूस चुरा पडला.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही. जरा साफसफाई चाललीय."

खालचा पत्रा कापून नवा जोडता येतो, त्याची त्याला काळजी नव्हती. पण गाडीच्या पोटाखालून दोन लांब, पोकळ तुळया जातात. सगळं वजन त्यांच्यावर. त्या गंजाने आतून खाल्ल्या असतील, तर गाडी भंगारात. आणि तुळयांवर तर कुणीतरी फार पूर्वी डांबराचा जाड थर फासला होता. डांबराखाली काय चाललंय ते देव जाणे. टकटकने पुढचं ठोकलं, मागचं ठोकलं, पण तुळयांपाशी हात अडखळे. उद्या बघू, उद्या बघू असं चाललं होतं.

ताई रोज थर्मास घेऊन यायची आणि जुन्या टायरवर गादी टाकून बसायची. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या पायाकडे आणि हाताकडे बघण्यात गेलेलं, तिच्या नजरेतून हे सुटणार थोडंच?

"मधलं का नाही ठोकत तू?"

"ठोकणारच आहे."

"बाळ्या, ब्रेकवर पाय ठेवून गाडी पुढे जात नाही. गेलीच असेल गाडी, तर तसं सांग. मी रडेन आणि घरी जाईन."

मग त्याचाही नाइलाज झाला. त्याने पटाशीने डांबर खरवडलं. मोठमोठ्या खपल्या निघाल्या, काहींच्या मागे पाणी साचलेलं. हातोडी लावली. खण्ण! पुढे, मागे, पुन्हा खण्ण. तरी खात्री पटेना. तुळईच्या बगलेला एक रबरी बूच होतं, ते काढून आत बॅटरी मारली. आत पिवळट मेणाचा पातळ थर होता आणि त्याखाली पत्रा नव्यासारखा चमकत होता. कारखान्यात कुणीतरी आपलं काम नीट केलं होतं.

टकटक तिथेच फरशीवर बसला. "ताई, चहा दे," एवढंच म्हणाला. तिने कप इतका काठोकाठ भरला की निम्मा चहा बशीतच राहिला.

आता प्रश्न आला की वरून लावायचं काय. जुन्या सवयीने त्याचा हात डांबराकडे जाई, पण त्या ओल्या खपल्या बघितल्यावर त्याने तो नाद सोडला. नेहमीचं तांबडं रेड ऑक्साइड होतं, दोन भाग मिसळून करायचं इपॉक्सी प्रायमर होतं, आणि गंजाला काळं करून थोपवणारं आम्लाचं द्रावण होतं. त्याच्या मनात आलं, द्रावणही लावू आणि लगेच वरून इपॉक्सीही. दोन पहारेकरी बसवले की चोर कुठून येणार?

"तुला नक्की माहीत आहे?" ताई म्हणाली.

"अंदाज आहे."

"अंदाजाने मी कुणाला रस्त्यावर सोडलं नाही. परीक्षा घे."

कापून काढलेल्या पत्र्याच्या त्याने पट्ट्या केल्या. प्रत्येकीला वेगळा लेप दिला, सुकू दिला, खिळ्याने चरा पाडला आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत सोडल्या. बादली घरी मोरीत. स्वयंपाकघरातलं मीठ भराभर संपायला लागलं तेव्हा बायको म्हणाली, "डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, तुम्ही चोरून खाताय की काय?" बादली दाखवल्यावर तिने कपाळावर हात मारला. पण मग रोज सकाळी तीच आधी डोकावून बघायला लागली.

इकडे गाडीचं काम पुढे सरकत होतं. नवा पत्रा जोडून झाला होता, जुन्या पत्र्यावर जिथे घासायचा तारेचा ब्रश पोचत नव्हता तिथे द्रावण लावून झालं होतं, आणि दुपारी इपॉक्सी मारायचं ठरलं होतं. निघताना बायकोने हाक मारली. "अहो, ही बघा. साप कात टाकतो तशी सोललीय."

ती त्याची लाडकी पट्टी होती, दोन पहारेकऱ्यांची. नखाने ओढलं तर अख्खा थर हातात आला, खाली बुळबुळीत आम्ल. दोघे पहारेकरी आपसातच भांडले होते. नुसतं स्वच्छ घासून इपॉक्सी लावलेली पट्टी मात्र शाबूत होती, चऱ्यापाशी तेवढी तांबूस रेघ.

त्याला दरदरून घाम फुटला आणि पाठोपाठ हसू आलं. दुपारी हेच तो ताईच्या गाडीला करणार होता. गॅरेजमध्ये पोचल्यावर त्याने काही लपवलं नाही. पट्टी तिच्या हातात दिली.

ताईने ती उलटसुलट केली. "नापास झाली म्हणायची. बरं झालं, घरच्या घरी झाली."

त्याने द्रावण लावलेली प्रत्येक जागा पाण्याने धुतली, गरम हवेने कोरडी केली, पुन्हा घासली. तशीच एक पट्टीही केली, आणि ती बादलीत तगली तेव्हाच इपॉक्सीला हात घातला. वर रंग चढला. पोकळ जागांत लांब नळीने मेणाचा फवारा मारला, आणि पाणी वाहून जायची भोकं तारेने मोकळी करून ठेवली.

गाडी खाली उतरली तेव्हा ताई पहिल्यांदा नुसतीच आत बसली. पाय क्लचवर, मग ब्रेकवर. कंबर कुरकुरली नाही. "बसची पायरी चढवत नाही मला," ती म्हणाली, "पण इथे बघ, कशी आपल्या घरी बसल्यासारखी बसलेय." त्याने मान वळवली आणि उगाचच काच पुसत राहिला.

पाऊसकाळ आला आणि गेला. गुडघाभर पाण्यातून, चिखलातून गाडी शिकाऊ हातांनी हिंडली. आभाळ उघडल्यावर टकटकने ती पुन्हा वर घेतली आणि बॅटरी घेऊन खाली शिरला. कडा, कोपरे, जोड, सगळं बोटाने चाचपलं. बोट कोरडं आणि स्वच्छ. एका ठिकाणी दगड लागून टवका उडाला होता, तिथे घासून ब्रशने थोडा लेप दिला. बाकी करण्यासारखं काही नव्हतंच. तरी त्याला खालून निघावंसं वाटेना, इतकं ते सगळं छान दिसत होतं.

"बाळ्या, झालं का?" बाहेरून ताई ओरडली. "आज नवी बाई यायचीय शिकायला. ती तुझ्याहून घाबरट आहे, उशीर झाला तर पळून जाईल!"