उजव्या कानामागचा आवाज

नोएडात राहायला आलो त्या वर्षी बायको म्हणू लागली, उजव्या कानात सूं-सूं आवाज येतो, अगदी नाडीच्या ठेक्यावर. मी तिच्या कानाला कान लावला आणि म्हणालो, "मला काही ऐकू येत नाही."

माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. आमच्याकडे तक्रार आली की पहिला प्रश्न, तोच बिघाड पुन्हा करून दाखवता येतो का? नाही आला, तर तक्रार बंद. सात महिन्यांत तिची तक्रार मी तीनदा अशीच बंद केली. वर विनोद, "यार, दिल्लीत कोणाच्या कानात आवाज नसतो?" शहाणपणाचा मक्ता माझ्याकडेच होता ना.

मग एका सकाळी तिला एकाचे दोन दिसायला लागले आणि आम्ही हॉस्पिटलात धावलो. डॉक्टरांनी तिच्या कानामागे स्टेथोस्कोप टेकवला आणि नळ्या माझ्या कानात घातल्या. "लीजिए, आप भी सुनिए."

सूं, सूं, सूं. तिने माझ्याकडे पाहिलं, पण 'सांगत होते ना' म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मेंदूच्या आवरणातली धमनी थेट शिरेत उघडली होती. त्या जोराने शीर फुटली तर मेंदूत रक्तस्राव होणार होता. मांडीतून बारीक नळी डोक्यापर्यंत न्यायची आणि तो जोड औषधी गोंदाने बुजवायचा, असं ठरलं. फॉर्मवर सही मी केली. त्यानंतर पाच तास मला करण्यासारखं काहीच नव्हतं. स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून बसलो.

डॉक्टर बाहेर आले. "ख़ून का एक रास्ता खुला रह गया. वहाँ गोंद डालते तो चेहरे की नस जा सकती थी. अब सिर खोलना पड़ेगा." तिला हे उद्या सांगू, आज विश्रांती घेऊ दे, असंही म्हणाले.

संध्याकाळी ती नीट शुद्धीवर आली तेव्हा खुशीत होती. "गेला रे. एकदम शांत वाटतंय. तू ऐक ना."

मला ऐकायचं नव्हतं. तरी नर्सकडून स्टेथोस्कोप मागून घेतला आणि तिच्या कानामागे धरला. आवाज बारीक झाला होता, पण होता.

"मला काही ऐकू येत नाही," मी म्हणालो.

या वेळी तिने लगेच विश्वास ठेवला.