दाजींनी न पाहिलेला शेवट

आमच्या दाजींइतका सावध माणूस अख्ख्या इस्लामपुरात सापडायचा नाही. त्यांच्याकडे गेलात तर आधी खिडकीतून दिसाल असं उभं राहा, मगच कडी वाजवा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पण ही सावधगिरी फौजेतली नव्हे, एका फ्रेंच सिनेमातली. महायुद्धानंतरचा, काळापांढरा, गुंडांचा सिनेमा. कुणीतरी पेन ड्राइव्हवर भरून दिलेला. त्यातला म्हातारा गुंड कुठंही बसला की भिंतीला पाठ, दाराकडे तोंड. तेव्हापासून दाजीही तसेच. साताऱ्याच्या एका लग्नात ते कनातीला पाठ लावून मांडवाच्या दाराकडे असे टक लावून बसले की वरपक्षाला वाटलं, चपला राखायला माणूस ठेवलाय. लोक येऊन त्यांच्या पुढ्यात चपला काढत होते, आणि दाजी ऐन वैशाखात लांब कोट घालून घामाघूम.

हा कोट त्यांच्या दोस्ताने, शेजारच्या टेलर मास्तरांनी, सिनेमातल्या म्हाताऱ्याच्या अंगावरचा बघून बघून बेतलेला. रंगावरून दोघांची जुंपली होती. मास्तर म्हणाले, "खरा कोट तपकिरी असणार." दाजी म्हणाले, "डोळ्याला दिसतोय त्योच शिव." कोट करडा झाला.

दर ऐतवारी दुपारी पडदे ओढून दोघं तोच सिनेमा बघत. फ्रेंच दोघांनाही येत नाही; संवाद दाजीच म्हणत. "आता ह्यो म्हंतोय, तू हो फुडं गड्या, मी हाय मागं." शेवटी जखमी जोडीदाराला गाडीत घालून म्हातारा निघतो, मागून पोलिसांच्या गाडीचे दिवे दिसतात, आणि तिथंच दाजी टीव्ही बंद करतात. नेहमीच.

"शेवट बघू की रं एकदा," मास्तर कुरकुरत.

"कशाला? गाडीत दोघं हायेत न्हवं?"

मग मास्तरांच्या छातीचं दुखणं निघालं. मिरजेला बायपास ठरली. मीही सोबत गेलो. आत नेताना मास्तर म्हणाले, "परत आलो की शेवट बघायचा, सुभेदार. आता टाळायचं न्हाई."

"तू ये तर," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

बाहेर भिंतीलगत बाक रिकामा होता. दाजी तिथं बसले नाहीत. खुर्ची ओढून ते ऑपरेशनच्या खोलीसमोर बसले, येण्याजाण्याच्या दाराकडे चक्क पाठ करून. लोक मागून येत होते, ट्रॉल्या खडखडत होत्या, दाजी वळून बघत नव्हते. तेव्हा मात्र मला खरी भीती वाटली. मी म्हणालो, "दाजी, मागं दार आहे." ते म्हणाले, "आसू दे."

मास्तर वाचले. हिंडूफिरू लागल्यावर एका ऐतवारी काठी टेकत आले. पडदे ओढले, सिनेमा लागला. म्हातारा जोडीदाराला घेऊन निघाला, मागे दिवे दिसले. दिलेल्या शब्दाखातर दाजींनी रिमोट लांब ठेवला होता. हात मांडीवर घट्ट धरून ते पडद्याकडे बघत राहिले.

मास्तरांनीच वाकून रिमोट उचलला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "गाडीत दोघं हायेत न्हवं?"