सुभेदारांची वाढीव रजा

साताऱ्यात एसटी स्टँडसमोर पहिल्या मजल्यावर माझं व्हिसाचं ऑफिस आहे, आणि दर बुधवारी मी सांगलीला विश्रामबागेत बसते. लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर अर्ज भरते. अर्ज काय, कॉम्प्युटरवर कुणीही भरेल. मी दिवसभर भांडते. परदेशात मुदतीपेक्षा जास्त राहून आलेला माणूस समोर बसला की एक किस्सा पदरात पडतोच. आता इतके साठलेत की ऐकायला बसाल तर जेवूनच जावं लागेल.

*

विश्रामबागेतले एक निवृत्त प्राचार्य. अमेरिकेत मुलाकडे गेले, सहा महिने राहायची परवानगी होती, हे पुढे आरामात राहिले. आता पुन्हा जायचं तर व्हिसा रद्द झालेला. चढले माझ्यावरच.

"व्हिसावर स्पष्ट दहा वर्षं छापलंय. मला इंग्रजी वाचता येतं."

"सर, ती दारापर्यंत जायची मुभा. आत किती राहायचं ते तिथे उतरल्यावर ठरतं."

ऐकेनात. मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "एसटीचा महिन्याचा पास काढलात म्हणून महिनाभर गाडीतच बसून राहता का?"

शेजारी बसलेल्या सरांच्या बायकोनं शांतपणे पर्स उघडून मला पेढा दिला.

*

शिरवळच्या कारखान्यातला एक इंजिनिअर. कंपनीनं जर्मनीला ट्रेनिंगला पाठवला, ट्रेनिंग संपलं, व्हिसाही संपला, तरी हा मित्राच्या घरी राहून युरोप बघत फिरला. निघताना विमानतळावर पकडला आणि वर काही वर्षांची बंदी. आता कंपनी पुन्हा पाठवणार, तर हा हसत हसत आला.

"मॅडम, टेन्शन न्हाई. पासपोर्ट नवा काढलाय. जुनं सगळं साफ."

व्हिसाला बोटांचे ठसे घेतात आणि ते जपून ठेवतात, हे याच्या गावीच नाही. मी म्हटलं, "पासपोर्ट नवा काढलास रे, बोटं कुठनं नवी आणणार?"

बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसला होता बिचारा.

*

पण या सगळ्यांत आमचे सुभेदार काका वेगळे. फौजेतून निवृत्त, साताऱ्याजवळच्या गावात ऊस करतात. लेक अमेरिकेत. तिच्या पहिल्या बाळंतपणाला काका-काकू दोघं गेले होते. नात वेळेआधी जन्मली, दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली, आणि यांची परतायची तारीख आली. काकांनी काय करावं? फौजेत घरी अडचण आली की रजा वाढवून मागतात, तसा इंग्रजीत अर्ज लिहिला आणि विमानतळाच्या पत्त्यावर धाडून दिला.

"मुदतवाढीचा रीतसर अर्ज वेगळा असतो काका. तो भरलात का?"

"आवं, कळवलं होतं की मी. उत्तर आलं न्हाई, म्हंजी मंजूर."

नात घरी आली, मग हे निघाले. तोवर व्हिसा गेला होता.

*

आता लेकीला दुसऱ्यांदा दिवस राहिलेत. डॉक्टरनं तिला पडून राहायला सांगितलंय, आणि तिची स्वतःची कागदपत्रं अडकल्यामुळे तिला तिकडून हलता येत नाही. काकूंचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यात सोबत आलेल्या काकांच्या पुतण्यानं नवीच अक्कल शिकवली. "मॅडम, मागं जास्त राहिलेलं लपवा. 'न्हाई'वर टिक करा. कोण बघतंय?"

माझं टाळकंच सरकलं. "माझ्या ऑफिसात खोटी टिक होत नाही. दुसरीकडे जा आणि जन्माची बंदी घेऊन या."

पुतण्या उठायला लागला. काकांनी त्याला दंडाला धरून खाली बसवला. "खरं लिवा मॅडम. राहिलो ते काय चोरी करायला न्हाई राहिलो."

मला फार बरं वाटलं त्या दिवशी. दवाखान्याचे सगळे कागद जोडून मी अर्ज भरला.

*

मुंबईला अमेरिकन वकिलातीतल्या मुलाखतीआधी दोघांची तयारी घ्यायला बसले.

"पुन्हा असं जास्त राहाल का, असं विचारतील. 'नाही' म्हणायचं."

"आन पोर पुन्हा पेटीत ठेवलं तर?"

"तरी नाहीच म्हणायचं काका."

"मग ते खोटंच झालं की. तुमच्याकडं तर खोटं चालत न्हाई."

मी वही मिटली आणि तिघांना चहा सांगितला.

*

मुलाखतीत काय झालं ते काकूंनीच येऊन सांगितलं. खिडकीपलीकडे गोरा अधिकारी, शेजारी मराठी दुभाषी मुलगी. काका ताठ उभे. अधिकाऱ्यानं सगळे कागद वाचले आणि नेमकं तेच विचारलं, पुन्हा बाळ आजारी पडलं तर काय कराल?

"आधी रीतसर अर्ज करीन," काका म्हणाले. "पण तुमी न्हाई म्हणला, तरी पोराला तसंच टाकून येनार न्हाई."

दुभाषी मुलगीच घाबरली. "आजोबा, हेच सांगू?"

"शब्दाला शब्द सांग."

तिनं सांगितलं. मग अधिकारी काकूंकडे वळला, आणि तुम्ही काय कराल?

काकूंनी पदर खोचला.

"आवं सायेब, पोराला सोडून यायला ह्यांचं मन न्हाई धजत तर ठेवा ह्यांना हितंच. मला तेवढी सोडा. बाळंतपण काय ह्यांना करायचंय व्हय?"

मुलीनं तेही शब्दाला शब्द सांगितलं.

गेल्या आठवड्यात निघताना विमानतळावरून काकांचा फोन आला. व्हिसा दोघांनाही मिळालाय. मात्र काकांचा पासपोर्ट आणि परतीचं तिकीट, दोन्ही काकूंच्या पिशवीत आहेत आणि या खेपेला तारीख चुकू नये म्हणून त्या हात लावू देत नाहीत.