द्राक्षारसाच्या खोलीची किल्ली

माहेरी पहिली बी.ए. मी, सासरीही मी, आणि शिरूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायकांत तर मीच. हे मिरवायला सांगत नाही. खरं तर मिरवायलाही सांगते. पण त्या बी.ए.पायीच माझ्या हक्काची एक गोष्ट दुसरीच्या कमरेला गेली.

देवळात प्रभुभोजनाला लागणारा द्राक्षारस आमच्या घरून जायचा, सासूबाईंच्या सासूपासून. तेव्हा दारूबंदी होती, पण आम्हाला त्याचं नवल नव्हतं. आंबलेला रस प्रभुभोजनाच्या टेबलावर यायचा नाही, हा मिशनच्या जुन्या साहेबांचा नियम कायद्याहून जुना होता. मुंबईहून येणारी न आंबलेल्या रसाची तयार बाटली मंडळीला परवडणारीही नव्हती. म्हणून काळ्या मनुका. रात्रभर भिजवायच्या, कल्हईच्या पातेल्यात मंद आचेवर शिजवायच्या, मलमलीतून गाळायच्या, आणि रस कढत असतानाच बाटल्यांत भरून बुचांवर मेण ओतायचं. एवढं कोणीही करील. कसोटी पुढे असते, सांभाळण्यात. चैत्रातली धग लागली की बाटलीत रस फुगतो, बूच वर येतं, आंबूस वास सुटतो आणि सगळी मेहनत उकिरड्यावर जाते. म्हणून मागच्या काळोख्या खोलीत विटा रचून केलेला एक कप्पा, त्यात घोडनदीची ओली वाळू आणि वाळूत आडव्या निजवलेल्या बाटल्या. खोलीला कुलूप. किल्ली सासूबाईंच्या कमरेला.

चव बघायला त्या मला बोलवायच्या. काचेच्या पेल्यात घोटभर रस घेऊन मी खिडकीकडे धरायची. पिकल्या जांभळासारखा दिसला तर साधला. विटकरी झाक आली तर जास्त कढला. जिभेवर आधी गोडी यावी, मग गाल आत ओढून घेणारा तुरटपणा. तो नसेल तर ते सरबत, आणि सरबत काय लग्नातही मिळतं. मी म्हणेन ते सासूबाई मान्य करायच्या. शेजारणीला एकदा म्हणाल्या होत्या, "हिची जीभ शानी हाय. नुसती बोलायलाच न्हाई."

पुढे त्यांचे हात कापायला लागले. किल्ली आता माझ्याकडे येणार, यात मला शंकाच नव्हती. एका सकाळी बघते तर ती धाकट्या जाऊच्या कमरेला. ती दौंडची, सातवीपर्यंत शिकलेली; वडील रेल्वेच्या इंजिनावर कोळसा टाकणारे फायरमन. आमच्या घरात येऊन तिला धड वर्षही झालं नव्हतं.

"आत्याबाई, चव मी बघायची आणि किल्ली तिला?" मी सरळच विचारलं.

"तू सकाळी शाळंत जाती ती सांजंला येती," त्या म्हणाल्या. "वाळू सुकती दुपारी. मंग काय, तुझी बी.ए. शिंपडू व्हय तिच्यावर?"

त्यांचं खरं होतं. म्हणूनच आजही राग येतो. साधी लोखंडी किल्ली ती. पण धाकटी चालायची तेव्हा ती बांगडीवर वाजायची, आणि शाळेत पोरींच्या बांगड्या किणकिणल्या तरी माझं लक्ष फळ्यावरून उडायचं. दुपारी ती त्या थंडगार अंधारात एकटी बसत असेल, बाटल्यांवरून हात फिरवत असेल, असं डोळ्यांपुढे यायचं. मी तिथे उन्हाने तापलेल्या पत्र्याखाली भूगोल शिकवत असायची.

एका रात्री जेवताना माझ्या तोंडून निघालं, "कोळशाच्या धगीत वाढलेल्यांना गारवा सांभाळायला दिलाय. बघू."

धाकटीने ताटावरून हात काढून घेतला. तेव्हापासून ती माझ्याशी बोलेना.

आमच्यात रीत अशी, की कोणाशी वाकडं असेल तर ते मिटवल्याशिवाय प्रभुभोजन घ्यायचं नाही. बाकावर बसून राहायचं. आदल्या शनिवारी तयारीची उपासना असते, तीत पाळकसाहेबांनी हे पुन्हा बजावलं. लोक बघतील याची मला पर्वा नव्हती. पण उद्या कपात असणार होता धाकटीने एकटीने केलेला पहिला रस. तो मला चाखायचा होता, आणि त्यात खोट सापडायला हवी होती. समेट केल्याशिवाय कप माझ्यापर्यंत येणार नव्हता.

संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले. ती भाकरी थापत होती.

"जाऊबाई," तिने मागे न बघताच विचारलं, "मिटवायला आलाय का चव घ्यायला?"

"दोन्हीला."

"आधी कशाला?"

"चव घ्यायला," मी म्हणाले. खोटं बोलून समेट कसला करायचा?

तिचा हात थांबला. "आन् माझ्या बापाचं?"

"तुझ्या वडलांवरून बोलले, ते चुकलं. ते शब्द माघारी घेते. किल्लीचं मनात आहे ते घेत नाही."

"किल्ली मी मागितली न्हवती."

"म्हणून तर जास्त डाचतं."

ती हसली, नको असताना हसावं तशी. "येवढ्यावर पाळकसाहेब कप देत्याल व्हय?"

"त्यांना सगळं कशाला सांगायचं?"

"देवाला कळंल की."

"त्याला आधीपासून ठाऊक आहे. बोल, मिटलं का?"

"मिटलं," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

रविवारी कप माझ्या हातात आला. रंग जांभळाचा. बुचाचा वास नाही, मेणाचा नाही. गोडी आली, तुरटपणा वेळेवर आला, आणि गिळल्यावरही मागे राहिला. घोट एकच मिळतो. खोट शोधायला मला दुसरा हवा होता, पण कप पुढे गेला होता.

उपासनेनंतर उरलेला रस देवळामागच्या कडुनिंबाच्या मुळाशी ओतायचा असतो. घरी न्यायचा नाही. ओतायचं काम रस करणारीचं. मी तिच्यामागून गेले.

"कसा झालाय?" तिने विचारलं.

"आत्याबाईंच्या हातचा वाटला," मी म्हणाले.

ती खूश झाली. "पुढच्या टायमाला बाटली देवळात न्यायच्या आधी चव तुमी बघा. म्या एकटीनं केलं, पर भरवसा न्हवता."

"बघीन. पण खोली मी उघडणार. किल्ली तेवढ्यापुरती माझ्या हातात द्यायची."

"न्हाई," ती म्हणाली आणि तांब्या पालथा केला.

तरी चव बघायला मी जात राहिले. दर खेपेला कुलूप ती काढायची आणि दार उघडेपर्यंत मी बाजूला उभी राहायची.