हसुदादांचं मत

हसुदादांच्या मुलीचा, प्रतिभाचा फोन आला तेव्हा मी वाचनालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. "आत्या, बाबा गेले," एवढंच ती आधी बोलली. मग सांगितलं, पहाटे झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी तिच्या मोबाइलवर त्यांनी एक सिनेमा बघायला घेतला होता आणि मध्यंतराच्या आतच बंद करायला लावला होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, हिरोला ट्रक चालवता येत नाही, सरळ रस्त्यावर उगाच स्टिअरिंग हलवतोय. हे सांगताना ती रडता रडता हसली, आणि हातातला शिक्का तसाच धरून मीही हसले. त्याला आता पाच आठवडे झाले. हसुदादांबद्दल जो कुणी विचारतो त्याला मी आधी हीच हकिकत सांगते.

हसुराम म्हात्रे पेणजवळच्या खाडीकाठच्या एका गावचे. वाडवडील मिठागरात राबलेले. पुढे त्या मिठागरांवर भराव पडला, कंटेनरची यार्डं आली, आणि मीठ वाहणाऱ्या बापाचा मुलगा त्याच जागेवरून कंटेनर वाहू लागला. मी मूळची म्हसळ्याची. लग्नानंतर इकडे आले आणि वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागले, त्याच वर्षी एका दुपारी हे गृहस्थ दारात उभे राहिले. अंगावर ग्रीसचे डाग, पायातल्या चपला बाहेर काढून ठेवलेल्या. कोणत्या विषयावरचं पुस्तक हवं, असं मी विचारलं. "विषय कुठला पन चालेल," ते म्हणाले, "जाडा पायजे. बंदराच्या रांगेत दोन-दोन दिस जातान. बारीक पुस्तक दुपारपर्यंत सरतं."

मी त्यांना हाताला लागली ती सर्वांत जाड कादंबरी दिली. आठ दिवसांनी ते परत आले. आमच्याकडे पुस्तक परत करताना लोक "छान होतं" म्हणतात आणि पुढचं मागतात. हसुदादा टेबलासमोर उभेच राहिले. मग म्हणाले, पहिली दोनशे पानं खरी आहेत, त्यानंतर लेखक दमला, पण थांबला नाही. ती कादंबरी मी कॉलेजात असताना अभ्यासली होती, तिच्यावर परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. एवढं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं.

गाण्यांचं खूळ त्यांना माझ्यामुळे लागलं. माझा थोरला भाऊ, आमचे भाईजान, आखातात गोदामावर होते. परत येताना त्यांनी एक सूटकेस भरून रॉक आणि मेटलच्या कॅसेट आणल्या. अब्बांनी पहिलं गाणं अर्धं ऐकलं आणि ही सूटकेस या घरात राहणार नाही म्हणून सांगितलं. भाईजान पुन्हा नोकरीवर गेले आणि ती माझ्याकडे, म्हणजे वाचनालयाच्या खालच्या कपाटात आली. हसुदादांनी एकदा कपाट उघडं बघितलं, पेटलेल्या पुलाचं चित्र असलेली कॅसेट उचलली आणि ट्रकमध्ये लावतो म्हणून घेऊन गेले. आठवड्याने आले ते कॅसेटमधला गाण्यांच्या ओळींचा कागद पुढे करत. हा माणूस एवढा कशापायी ओरडतोय, तेवढं सांगा, म्हणाले.

मग काय! वाचनालयाच्या बाकावर, भर दुपारी, डोक्यावर ओढणी घेतलेली मी एका ट्रकचालकाला मेटलच्या गाण्याचा अर्थ सांगत बसले. भिंगातून बघावी इतकी बारीक अक्षरं होती. कारखाना बंद पडलेल्या गावात एक कामगार रोज सकाळी सवयीने डबा घेऊन फाटकापर्यंत जातो, असं काहीसं गाणं होतं. हसुदादांनी सगळं ऐकून घेतलं. खाडीच्या बाजूच्या खिडकीकडे पाहत म्हणाले, "मंग बरोबर हाय. एवढी गोष्ट हळू आवाजात सांगून कशी चालंल?"

त्यानंतर वीस-बावीस वर्षं आमचं हे चाललं. इंग्रजी नावं त्यांना जड जायची, म्हणून ते अल्बम चित्रावरून ओळखायचे. बोकडवाला, पुलवाला, बुडत्या घड्याळाचा. बोकडवाल्यात ड्रम वाजवणारा घाटात ब्रेक तापलेल्या गाडीसारखा आहे, पुढे काय होणार या धास्तीने माणूस ऐकत राहतो, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक अल्बममध्ये पाचवं-सहावं गाणं हळुवार असायचं, त्यावर त्यांचा कायमचा राग. पोट भरल्यावर आग्रहाने वाढलेला शिरा, म्हणायचे. बुडत्या घड्याळाच्या अल्बमवरून मात्र आमचं जुंपलं. मला तो सगळ्यांत आवडायचा, अजूनही आवडतो. त्यांना तो रडका वाटला. मी म्हटलं, तुम्ही शेवटचं गाणं नीट ऐकलंच नाहीत. तीन आठवडे ते माझ्याशी फक्त पुस्तकापुरतं बोलले. चौथ्या आठवड्यात येऊन म्हणाले, कर्नाळ्याच्या चढावर शेवटचं गाणं पुन्हा ऐकलं, तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण फक्त शेवटचं. तो माझा विजय मी आजही मिरवते. बायकोला, यमुनावहिनींना, पालीला दर्शनाला नेतानासुद्धा ते गाडीत बोकडवाला लावायचे. वहिनी देवळाच्या पायरीवर उतरल्या की म्हणायच्या, माझ्या कानात अजून तोच वाजतोय.

किहीमला बंगला बांधून राहिलेल्या एका लेखिकाबाईंची मिठागरावरची कादंबरी आली तेव्हाची गोष्ट आमच्या गावात अजून सांगतात. आम्ही रविवारी तिच्यावर चर्चा ठेवली होती. अध्यक्ष होते एक निवृत्त प्राध्यापक. तिघांची भाषणं झाली, तिघांनी कादंबरी थोर ठरवली. मग मागच्या बाकावरून हसुदादा उठले आणि म्हणाले, यातली बाई श्रावणात मिठाच्या पाट्या वाहते, पण श्रावणात मिठागर पाण्याखाली असतं. सभागृहात थोडं हसू पिकलं. अध्यक्षांनी लेखकाच्या स्वातंत्र्याविषयी काही सांगितलं आणि मग विचारलं, आपलं शिक्षण किती झालंय?

हसुदादांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "सातवी," ते म्हणाले. "पन पुस्तक दोनदा वाचलाय. तुमी सांगा, शेवटी ती बाई कुठं जाते?"

अध्यक्षांनी समोरचे कागद चाळले. एक, दोन… चाळत राहिले. शेवटी लेखिकाबाईच उठल्या आणि यांना पुढे येऊन बोलू द्या, म्हणाल्या. हसुदादा पुढे गेले आणि वीस मिनिटं बोलले. चुका सांगितल्याच, पण सासू मरते ते प्रकरण आपल्या आईला कुणी आडून पाहून लिहिल्यासारखं आहे, हेही सांगितलं. लेखिकाबाई पुढच्याच आठवड्यात त्यांच्या गावी उरलेली मिठागरं बघायला गेल्या. दुसऱ्या आवृत्तीत कादंबरीतली ती बाई चैत्रात मीठ वाहते.

चार वर्षांपूर्वी त्यांचा आवाज बसला. धूळ असेल, तंबाखू असेल, असं म्हणत त्यांनी दोन महिने काढले. मुंबईच्या डॉक्टरांनी गळ्याचा कर्करोग सांगितला आणि स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाले. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, आवाज गेला. मी घरी भेटायला गेले तेव्हा ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. गळ्याभोवती पांढरं फडकं. मी नेलेली दोन पुस्तकं बघून त्यांनी वहीवर लिहिलं, पुस्तकं नकोत. खाली आणखी लिहिलं, मत सांगता येत नसेल तर वाचून काय करू. पुस्तकं खाटेखाली ठेवून मी परत आले. त्या दिवशी मला वाटलं होतं, संपलं.

त्यातून त्यांना बाहेर काढलं ते यमुनावहिनींनी. त्या तिसरी शिकलेल्या. लग्नापासून त्यांनी पुस्तक हातात धरलं नव्हतं, नवराच जेवणं झाल्यावर निवडक पानं वाचून दाखवायचा. आता नवरा वाचेना. म्हणून त्यांनीच खाटेखालचं पुस्तक काढलं आणि अक्षर अक्षर लावत मोठ्याने वाचायला घेतलं. नको तिथे थांबायच्या, पुढच्या वाक्याचा शब्द मागच्याला जोडायच्या. हसुदादा दोन दिवस सहन करत होते. तिसऱ्या दिवशी खाटेच्या लाकडावर बोटाने टकटक केली, म्हणजे इथे थांब. मग दर वाक्याला टकटक. त्या पुस्तकाला त्यांना दीड महिना लागला. वहिनी मला पुढे सांगायच्या, "पयल्यांदा रागावले ना, तवाच मना कललं, मानूस परत आला."

दरम्यान प्रतिभाने डॉक्टरांनी सांगितलेलं यंत्र आणलं. टॉर्चएवढं असतं. गळ्याला टेकवून बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, मग त्यातून शब्द येतात. पण आवाज सपाट, घोगरा, यंत्रातून आल्यासारखाच. हसुदादांना तो ऐकवेना. घरात हो-नाहीपुरता वापरायचे, बाहेर कुणी आलं की उशीखाली. असे काही महिने गेले.

आणि एका दुपारी ते वाचनालयात आले. वाचनकक्षात दहा-बारा माणसं वर्तमानपत्रं चाळत होती. हसुदादा टेबलापाशी आले, खिशातून यंत्र काढलं, गळ्याला लावलं. "ताई," तो घोगरा आवाज सगळ्या कक्षात घुमला, "बोकडवाला काल परत ऐकला. तो गानारा या आवाजासाठी जीव टाकतोय. मना आयता गावलाय." सगळी वर्तमानपत्रं खाली झाली. त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही. खुर्ची ओढली आणि दीड महिन्याच्या त्या पुस्तकावरचं मत सांगायला सुरुवात केली, अर्धा तास, एकेक शब्द तोडून. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि ते मला तपशिलात सांगत होते की तिसरं प्रकरण कसं फसलंय.

हा आवाज पनवेलपर्यंत पोचला. प्रतिभाच्या कचेरीतली रेवती चौघांच्या मेटल बँडमध्ये ड्रम वाजवते. त्यांचा पहिला अल्बम तयार होत होता. तिने विचारलं, काका एका गाण्यात बोलतील का? काकांची अट होती की आधी सगळी गाणी ऐकवा. ऐकली आणि दोन टाकून द्या म्हणून सांगितलं. चौघांनी घरी जाऊन भांडणं केली आणि एक टाकलं. मग हसुदादा भिंतींना गाद्या लावलेल्या त्या खोलीत गेले. काय बोलायचं ते त्यांनी स्वतः ठरवलं होतं. भरावाखाली गेलेल्या मिठागरांची नावं.

अल्बम निघाला तेव्हा पनवेलच्या एका सभागृहात रविवारी चार वाजता कार्यक्रम झाला. बहुतेक श्रोते काळ्या टीशर्टातले, विशी-पंचविशीचे. पुढच्या दोन रांगांत मात्र यमुनावहिनी आणि गावातल्या अकरा बायका, लुगडी नेसून, कानांत कापसाचे बोळे घालून बसलेल्या. मी त्यांच्यात. शेवटच्या गाण्याला हसुदादा मंचावर आले. धुतलेला पांढरा सदरा, एका हातात माइक, एका हातात यंत्र. गिटार हळू झाली आणि तो आवाज उठला. थोरला खार. वाकडा बांध. भिवाचा वाफा…

"माझ्या बापाचा," माझ्या शेजारची म्हातारी मोठ्याने म्हणाली आणि तिने कानातला कापूस काढून टाकला. पुढचं नाव आलं तेव्हा दोघी-तिघींनी ते मागे म्हटलं. त्याच्या पुढच्याला सगळ्या बायकांनी. रेवतीने ते ऐकलं आणि ड्रमची गती उतरवली, नावामागे त्यांना जागा करून दिली. मग मागची मुलंही म्हणू लागली. ज्यांनी मिठागर कधी पाहिलं नव्हतं ती पाचशे माणसं घसा फोडून भिवाच्या वाफ्याचं नाव घेत होती, आणि मंचावर आवाज नसलेला एक माणूस त्या सगळ्यांच्या पुढे होता. शेवटचं नाव संपलं. हसुदादांनी यंत्र खाली घेतलं आणि हात जोडले. सभागृह उभं राहिलं ते बसेचना. बायका मंचाकडे गेल्या, चौघा वादकांच्या तोंडावरून हात फिरवून आल्या.

सोमवारी ते वाचनालयात हजर. मी म्हटलं, दादा, काल काय झालं! त्यांनी यंत्र लावलं. अल्बम चांगला आहे, म्हणाले, पण दुसरं गाणं लांबलंय आणि शेवटच्यात तो म्हातारा घाई करतो, आणखी एकदा करून घ्यायला हवं होतं. मी हसू लागले तर मला दटावलं, हसू नका, खरं सांगतोय. मग खुर्चीत बसले आणि जाड पुस्तक मागितलं.

त्यांची शेवटची तीन वर्षं अशी भरलेली गेली. दुखणं परतलं तेव्हाही त्यांनी वाचणं आणि बोलणं सोडलं नाही.

मागच्या मंगळवारी यमुनावहिनी एकट्याच वाचनालयात आल्या. हसुदादांच्या नावावर असलेली कादंबरी त्यांनी टेबलावर ठेवली. ते गेले तेव्हा ती अर्धीच वाचून झाली होती, प्रतिभाने मला सांगितलं होतं. मी म्हटलं, वहिनी, एवढ्या लांब कशाला आलात, मी नेली असती. त्या उभ्याच राहिल्या. लुगड्याचा पदर सारखा केला.

"बाकीचा मी वाचला," त्या म्हणाल्या. "त्यांना नसता आवडला. रडका हाय, बोलले असते." मग पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "मना आवडला. शेवटी ती पोरगी घर सोडून जाते ते बरोबरच हाय."

मी विचारलं, का बरोबर? वहिनींनी खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसल्या आणि सांगू लागल्या.