कापा फणस द्या, बरं का!

ही सहल हौसेची नव्हती. ऐंशीच्या दशकातला मे महिना. माझ्या बायकोला, सुमनला, दिवस गेलेले आणि पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. "खावंसं वाटेल ते द्या," डॉक्टर म्हणाले. माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे तिला हवा होता कापा फणस. घट्ट, कुरकुरीत गऱ्यांचा. बरक्याचा गरा गिळगिळीत. त्याच्या नावानंच तिला उमळून यायचं. पुण्याच्या मंडईतले फणस तिनं लांबूनच नापास केले. तिच्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती. मी घाबरलो आणि सरळ एसटीत बसलो.

तुम्हीही आंबा घाटातून जाणार असाल, तर खिडकी पकडा. पण जिच्या पुढच्या खिडकीत कुणी बसलंय ती नको. का, ते घाटात कळेल.

रत्नागिरीचा आठवडा बाजार सकाळीच गाठावा. करवंदं, आमसुलं, सुके बांगडे, सगळं जमिनीवर मांडलेलं. "चव तरी बगा" म्हणत आंबापोळीचे इतके तुकडे हातावर ठेवतात की न्याहारीचा खर्च वाचतो. फणसांच्या ढिगामागे एक बाई बसल्या होत्या. सगळे त्यांना आक्का म्हणत होते.

"आक्का, एक कापा फणस द्या, बरं का!"

"कापा का बरका?"

"कापा, बरं का!"

"अवो, येकच काय ता सांगा."

"कापाच! दुसरा चुकूनही नको, बरं का!"

आक्कांनी उचललेला फणस खाली ठेवला. शेजारचा सुक्या मासळीवाला मदतीला आला. करवंदवाली म्हणाली, "पावण्यांना दोनी हवेत." आणखी कुणी म्हणालं, "पावण्यांनाच ठाव नाय काय हवा ता." शेवटी मासळीवाल्यानं तोडगा काढला. "बोलू नुको. नुसती मान हलवा. कापा?"

मी मान हलवली. सगळ्यांनी हुश्श केलं.

"जमलं एकदाचं, बरं का!" मी आनंदानं म्हणालो.

पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ही माणसं आपली थट्टा करताहेत, अशी माझी खात्रीच झाली.

आक्कांनी ढिगाच्या तळातून एक फणस ओढला. "आमच्या सड्यावर, वरच्या कातळात, येक झाड हाय. धड कापा नाय, धड बरका नाय. तुमच्यासारख्यासाठीच देवानं लावलान."

तिकडे एसटी सुटायला आली होती. तोच पोत्यात घालून मी पळालो.

"पोत्यात काय?" कंडक्टरनं विचारलं.

"फणस, बरं का."

"बरका होय? वासावरनं वाटलंच."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्हा पुणेकरांचं वाक्य त्या दोन शब्दांशिवाय संपत नाही, त्याला मी काय करू? पुण्यापर्यंत मी तोंडातून शब्द काढला नाही.

घरी फणस फोडताना हातांना खोबरेल लावा. मी विसरलो, तो चीक माझ्या त्या वेळच्या शर्टावर अजून आहे. पहिला गरा हातात घेतला तर वरून घट्ट, आतून लिबलिबीत. मी तो सुमनच्या हातावर ठेवला आणि उलटी झालीच तर म्हणून दुसऱ्या हातात तसराळं धरून उभा राहिलो.

तिनं चावला. गिळला. थोडा वेळ छताकडे बघत बसली. मग दुसऱ्यासाठी हात पुढे केला. माझे डोळे भरून आले.

"कापा आहे, की..." पुढचा शब्द उच्चारायची माझी छाती झाली नाही.

"अहो, रडताय काय? आणखी काढा, बरं का!"